छोटा निधी, मोठे गैरसमज

विद्यापीठाने लोकसंवादासाठी छोट्या निधीचे अर्ज मागवले की पत्रांचा ओघ सुरू होतो. बहुतेकांचा गोंधळ एकच: हा संशोधनाचाच निधी आहे असे धरून चालायचे. तसा तो नाही. आपले संशोधन ज्यांच्या शेताशी, आजाराशी, पाण्याशी संबंधित आहे त्यांच्यापर्यंत जाण्यासाठी आणि त्यांचे ऐकून घेण्यासाठी ही रक्कम असते.

प्रश्न : या निधीतून लॅपटॉप घेता येईल का? (जळगाव)

नाही.

प्रश्न : चोपड्यात एक जण तयार प्रस्ताव देतो, मंजूर रकमेचे दहा टक्के घेतो. समितीत ओळख आहे म्हणतो. विश्वास ठेवावा का?

ओळख असती तर तो दारोदार फिरला नसता. असले प्रस्ताव वाचणाऱ्याला पहिल्या पानावर कळतात, कारण गावाचे नाव बदललेले असते आणि बाकी मजकूर तोच. शिवाय हे दहा टक्के कोणत्या बिलात दाखवणार? महाविद्यालयाच्या संशोधन समन्वयकांना भेटा, मागच्या मंजूर प्रस्तावाची प्रत मागा. फुकट मिळते.

प्रश्न : केळीवरील हरण्या रोगावर माझे काम आहे. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, रावेरला शेतकरी मेळावा घ्यावा म्हणतो.

मेळावा विज्ञान दिनाला सोयीचा आहे, शेतकऱ्याला नाही. हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू. मावा ही कीड तो पसरवते आणि एकदा झाड ग्रासले की औषध नाही; उपटून नष्ट करणे एवढेच हातात राहते. मृगबागेची (जून-जुलैत लावलेल्या केळीची) कोवळी रोपे पावसाळ्यात त्याच्या तावडीत सापडतात. तेव्हा लागवडीआधी, मे-जूनमध्ये जा. बागेत काकडी-भोपळा का लावू नये हे बांधावर उभे राहून सांगा आणि गेल्या वर्षी किती रोपे उपटावी लागली ते त्यांच्याकडून लिहून घ्या. तारीख कृषी सहायकाला विचारून ठरवा.

प्रश्न : धडगाव तालुक्यात शिबिर घेऊन सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी करायची, निकाल तिथेच सांगायचा. जनजागृतीही होईल आणि माझ्या पीएच.डी.ला माहितीही मिळेल. चालेल ना?

नाही चालणार. आणि हे मी दरवर्षी सांगतो.

पीएच.डी.साठी रक्त घेतले की ते संशोधन झाले. मग संस्थेच्या नैतिकता समितीची आधी परवानगी हवी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे त्यासाठीच आहेत. संमती पावरी किंवा भिलोरीत समजावून घ्यायची, नुसता अंगठा उठवून नव्हे. मुले असतील तर पालकांचीही.

दुसरे, शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. ती फक्त इशारा देते; माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतील चाचण्यांनंतरच ठरते. अन् आपली मंडळी माइकवरून नाव पुकारतात, हातात कागद देतात, आणि शेजारच्या रांगेत त्या मुलीची होणारी सासू उभी असते! वाहक व्यक्ती सहसा आजारी नसते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. ‘चार मुलांत एक नक्की’ हे ऐकीव आहे, ते पसरवू नका. निकाल बंद खोलीत, समुपदेशकासमोरच सांगायचा.

मग निधीचे काय करायचे? चित्रकार्डे छापा, पाड्यावर संध्याकाळी बसा, लोक काय विचारतात ते टिपून घ्या. तपासणी आरोग्य विभागाकडे सोपवा. जुलै 2023 पासून राष्ट्रीय मोहीमच सुरू आहे. आणि जानेवारीत जाऊ नका. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला परततात. रिकाम्या पाड्यात बॅनर लावून काढलेले फोटो मी अहवालांत भरपूर पाहिले आहेत. आधी जिल्हा आरोग्य अधिकारी, मग आशाताई, मग गावचा कारभारी, या क्रमाने बोला, आणि हे बोलणे अर्ज लिहिण्याआधी उरका.

प्रश्न : अहिराणीत पथनाट्य केले तर समिती ते हलके मानेल का? (अमळनेर)

मानू नये. संहिता मात्र विषयतज्ज्ञाकडून तपासून घ्या. टाळ्यांसाठी चुकीची माहिती खपवू नका.

प्रश्न : 31 मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर पुढे कधीच निधी मिळत नाही, असे ऐकले. म्हणून मंडप आणि जेवणावर संपवून टाकू का? (धुळे)

कोणाकडून ऐकले? शिल्लक रक्कम परत करता येते किंवा मुदतवाढ मागता येते. मंजुरीपत्रात अट लिहिलेली असते, ते पत्र एकदा उघडून वाचा. मुदतवाढीचा अर्ज फेब्रुवारीतच लेखा विभागात द्या, पोच घ्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिथे तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. आणि मंडपवाल्याचे बिल पक्के घ्या. कोऱ्या पावतीवर उपयोगिता प्रमाणपत्राला, म्हणजे निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याला, सही मिळत नाही.