पंधरा मिनिटं नाचून झालं, हाती काय राहिलं?

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरतात. इम्प्रोव्हायझेशनचे, म्हणजे आधी न ठरवता त्या क्षणी सुचेल तसं नाचण्याचे, सराव तर सगळेच करतात, पण त्यातून पुन्हा करता येईल असा, बसवलेला नाच कसा निघतो? पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच येतात.

ताई, नमस्कार. आम्ही पाच जणी मिळून समकालीन नृत्याचा एक लहान प्रयोग बसवतोय. तालमीच्या सुरुवातीला गाणं लावून पंधरा मिनिटं मनाला येईल तसं नाचतो. मजा येते, कधीकधी फार सुंदर काहीतरी होऊन जातं. पण नंतर रचना करायला घेतली की पाटी कोरी. शेवटी मी घरी बसून काउंटवर, म्हणजे आकडे मोजत, नाच बसवते आणि बाकीच्यांना शिकवते. मग या पंधरा मिनिटांचा उपयोग काय?
— नव्याने नाच बसवणारी

अंग गरम करायला ती पंधरा मिनिटं चांगलीच आहेत, पण रचनेसाठी ‘मनाला येईल तसं’ चालत नाही. शरीराला पूर्ण मोकळं सोडलं की ते सवयीच्या वाटेनं जातं, आणि गाणं लावलेलं असलं की ते गाण्याच्या मागे धावतं. रचनेसाठी अट लागते. ती पाळली गेली की नाही, हे समोर बसलेल्याला दिसायला हवं. “एकटेपणा दाखवा” ही अट होत नाही. “उजवं कोपर पुढे जाईल, बाकीचं शरीर त्याच्या मागून जाईल, कोपर थांबलं की सगळं थांबेल” ही अट झाली.

ही अट घ्या आणि गाणं न लावता फक्त ३ मिनिटं नाचा. वेळ संपली की बोलू नका, पाणी प्यायला जाऊ नका. सुरुवातीच्या जागी परत या आणि जे आठवतंय ते पुन्हा करा. मधले दुवे सापडणार नाहीत. ते जुळवत बसू नका, तेवढा वेळ नुसत्या उभ्या राहा. मग तिसऱ्यांदा करा. बहुतेकींच्या हाती अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर काहीतरी उरेल. तेवढंच ठेवायचं. बाकीचं कितीही छान झालेलं असो, त्याच्यासाठी हळहळू नका. जिथे वजन खरोखर एका पायावरून दुसऱ्यावर गेलं, जिथे दिशा बदलली किंवा जिथे काहीतरी अडलं, त्या जागा शरीर सहसा लक्षात ठेवतं.

अडलेल्या जागांवर तर माझा फार जीव आहे. हीच कोपराची अट माझ्या तालमीत एक मुलगी करत होती. तिचं उजवं कोपर छातीसमोरून डाव्या काखेखाली शिरलं आणि तिथेच अडकलं. खांदा पुढे येईना. धड वळलेलं, सगळं वजन डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर, उजवी टाच उचललेली, आणि पुढे जायला वाटच नाही. काही श्वास ती तशीच राहिली. मग मान सुटली, डोकं खाली आलं, डोक्याच्या वजनानं खांदा मोकळा झाला आणि ती अर्धी गिरकी घेत जमिनीवर बसली. “ताई, इथे चुकलं माझं,” असं ती म्हणाली. आम्ही बाकी सगळं सोडून दिलं आणि नेमकी तीच जागा ठेवली. त्या नाचात आता प्रत्येक जण तिथवर येऊन अडते, कुणी क्षणभर, कुणी बघणाऱ्याला अस्वस्थ करेल इतका वेळ. कागद-पेन घेऊन बसले असते तर मला ते अडणं सुचलं नसतं.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच बहुतेक ठिकाणी गाळलं जातं. तुमच्या हाती उरलेला तुकडा मैत्रिणीला शिकवा. ती विचारेल, वजन कुठल्या पायावर? नजर कोपराकडे की समोर? हात ओढला जातोय की ढकलला जातोय? यातल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे तयार नसतील. ती देताना तुम्हाला ठरवावं लागेल, आणि त्या ठरवण्यातच रचना सुरू होते. तुकडा दोन शरीरांत बसला की बदल करून बघा, पण एका वेळी एकच: शेवटाकडून सुरुवातीकडे करा, किंवा हाताचं काम गुडघ्याला द्या, किंवा तोच तुकडा पूर्ण जमिनीवर आडवं राहून करा. एकदम तीन बदल केलेत तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

मोठ्या रचनाही याच पद्धतीनं उभ्या राहिल्या आहेत. अमेरिकी नृत्यरचनाकार ट्रिशा ब्राउन यांची १९८३ सालची ‘सेट अँड रीसेट’ ही रचना अगदी ओघवती दिसते, जणू नर्तकांना आत्ताच सुचतंय. प्रत्यक्षात आधी ब्राउन यांनी नृत्याचा एक लांब तुकडा बांधून नर्तकांना शिकवला. मग त्या तुकड्याशी खेळण्यासाठी पाच सूचना दिल्या: साधं ठेवा, दिसण्या-न दिसण्याशी खेळा, काय करावं कळेना तर रांगेत उभे राहा, कडेकडेनं राहा, आतून येईल त्यावर लगेच कृती करा. नर्तकांनी त्या सूचना पाळत जे शोधलं ते पक्कं केलं, पाठ केलं आणि मग रंगमंचावर आणलं. ‘काय करावं कळेना तर रांगेत उभे राहा’ ही सूचना तुमच्या पाच जणींच्या गटाला आजच देऊन बघा. गोंधळलेल्या नर्तकीला जागा मिळते आणि बघणाऱ्याला अचानक एक ओळ दिसते.

ताई, लहानपणापासून मी एका शास्त्रीय शैलीत शिकले. आता समकालीन नृत्याकडे वळले आहे. इम्प्रोव्हायझेशनला उभी राहिले की हात आपोआप शिकलेल्या जागी जातात, पाठ ताठ होते. शिक्षक म्हणतात, “ते सगळं विसर.” कसं विसरू?
— एक विद्यार्थिनी

विसरू नका. इतक्या वर्षांची मेहनत अंगातून पुसता येत नाही, आणि पुसावी तरी का? नृत्यरचनाकार विल्यम फॉर्साइथ बॅलेतूनच आले, आणि बॅलेची शरीरं घेऊनच त्यांनी इम्प्रोव्हायझेशनची अत्यंत काटेकोर पद्धत उभी केली. १९९९ साली त्यांची ‘इम्प्रोव्हायझेशन टेक्नॉलॉजीज’ ही सीडी-रॉम प्रसिद्ध झाली. त्यात ते हवेत एखादी रेषा दाखवतात, ती पडद्यावर पांढऱ्या रंगात उमटते, आणि मग ते तिला टाळतात, दुमडतात, कोपरानं पुसतात. नृत्याचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांनी पाऊल न हलवता हात-पाय पोहोचतील तेवढ्या अवकाशाचा विचार मांडला होता, आणि त्याचा मध्य शरीराच्या मध्याशी होता. फॉर्साइथ यांनी तो मध्य कुठेही नेला: गुडघ्यात, कानात, टाचेत, एकाच वेळी अनेक ठिकाणी.

तुम्ही हेच करा. तुमच्या शैलीतली एक पक्की हस्तक्रिया घ्या, जी झोपेतही चुकणार नाही. ती जशीच्या तशी करा. मग तिचा मार्ग तेवढा ठेवा आणि काम डाव्या गुडघ्याला द्या. गुडघा ती वळणं घ्यायला लागला की पाठ आपोआप ताठ राहणं सोडेल, तिला मुद्दाम सैल करावं लागणार नाही.

दुसरा सराव ब्राउन यांच्या १९७५ सालच्या ‘लोकस’ या रचनेवरून घेता येईल. आपल्याभोवती एक चौकोनी खोका कल्पा. त्याचे ८ कोपरे, १२ कडांचे मध्य, ६ पृष्ठांचे मध्य आणि आतला एक, असे २७ बिंदू होतात. ब्राउन यांनी इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर एकेका बिंदूला दिलं, दोन शब्दांमधली मोकळी जागा मधल्या बिंदूला दिली, आणि स्वतःविषयीचा छोटासा मजकूर त्या बिंदूंवरून नाचून काढला. कधी बिंदूला स्पर्श करायचा, कधी नुसतं त्याच्याकडे बघायचं, कधी त्याच्यावरून उडी घ्यायची. मराठीत मी तो असा करून घेते: ‘क’ ते ‘म’ ही २५ व्यंजनं एकेका बिंदूला, ‘य’पासून पुढची सगळी मिळून सव्विसाव्याला, काना-मात्रा सोडून द्यायच्या, आणि शब्द संपला की मधला बिंदू. एखादं साधं वाक्य घ्या. पाठीमागचा खालचा कोपरा लागोपाठ दोनदा आला की सवयीचा हात तिथे पोहोचतच नाही, आणि शरीराला दुसरा अवयव शोधावा लागतो. सुरुवातीला फार सावकाश होतं, अगदी कंटाळवाणं. तो कंटाळा सोसा.

सरावाचं मोबाइलवर चित्रीकरण करावं का? आमच्यात दोन तट पडले आहेत.
— एक नर्तक

करावं, पण लगेच बघू नये. आधी शरीराला आठवू द्या, तीनदा करून घ्या, मग बघा. लगेच बघितलंत तर तुम्ही दिसायला छान ते निवडाल, आणि आतून उमटलेलं हातचं जाईल. मोबाइल एका कोपऱ्यात स्थिर ठेवा, हातात धरून कुणाच्या मागे फिरवू नका. आरशावर मात्र या सरावापुरता पडदा टाकाच.

ताई, आमच्या गटात कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे एकमेकांचा स्पर्श आणि वजन घेत सुचेल तसं नाचणं, सुरू केलंय. एकमेकांवर वजन टाकायचं म्हटलं की मी आखडते. स्पर्शाची भीती वाटते आणि पडण्याचीही. ग्रुपमधला एक दादा म्हणतो, “भीती सोड, होईल आपोआप.”
— आखडलेली

आपोआप होत नाही, आणि व्हायची घाईही नको. अमेरिकी नर्तक स्टीव्ह पॅक्सटन यांनी १९७२ साली तिथल्या ओबर्लिन कॉलेजमध्ये ‘मॅग्नेशियम’ ही रचना सादर केली. त्यात माणसं एकमेकांवर आदळत होती, पडत होती, लोळत होती, आणि त्यातूनच पुढे कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन आकाराला आलं. पण त्या सगळ्या धडपडीच्या शेवटी काही मिनिटं नुसतं उभं राहणं होतं. पॅक्सटन त्याला ‘छोटा नाच’ म्हणायचे. शांत उभं राहायचं आणि तोल सांभाळण्यासाठी घोटे, पोटऱ्या, पाठीचा कणा सतत काय बारीक काम करत असतात ते न्याहाळायचं. तुम्ही तिथून सुरुवात करा. आधी एकटीनं, मग जोडीदाराच्या पाठीला पाठ लावून, दोघींचं वजन आपापल्या पायावर ठेवून. त्यानंतर किंचित टेका. किती टेकायचं हे टेकणारीनं ठरवायचं, आणि सरावाच्या मध्यात केव्हाही बाजूला होता आलं पाहिजे, कारण न सांगता. पडणं वेगळं शिका: जमिनीवर बसून, मग गुडघ्यावर येऊन, श्वास सोडत, आधी मांडी मग कूस टेकवत. गुडघा किंवा कोपर थेट जमिनीवर आपटू द्यायचं नाही.

दादाला सांगा की तुमचं आखडणंही उपयोगाचं आहे. दोघांमध्ये एक वीत अंतर ठेवायचं आणि ते अंतर कमी-जास्त होऊ द्यायचं नाही, एवढी अट घेऊन तुम्ही दोघं नाचा. स्पर्श एकदाही होत नाही, तरी बघणाऱ्याचा श्वास रोखला जातो. असं दोघांचं नृत्य मला जोडीदाराला पन्नासदा उचलण्यापेक्षा जास्त आवडतं.

आमचे नृत्यदिग्दर्शक आमच्याकडून इम्प्रोव्हायझेशन करून घेतात, त्यातलं निवडून प्रयोग बसवतात. पत्रिकेवर ‘नृत्यरचना’ म्हणून फक्त त्यांचं नाव. हे बरोबर आहे का? विचारायला संकोच वाटतो.
— गटातला एक जण

संकोच करू नका, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. अट कुणी दिली, कोणता तुकडा ठेवला, कशाच्या आधी काय आलं, कुठे थांबवलं, ही कामं त्यांची असतील तर रचनाकार म्हणून त्यांचं नाव योग्यच आहे. ते काम बाहेरून दिसतं त्यापेक्षा कितीतरी जड असतं. पण हालचाली तुमच्या अंगातून आल्या असतील तर तेही छापलं गेलं पाहिजे: ‘हालचालींची निर्मिती: नर्तकांसह’, आणि खाली सगळ्यांची नावं. एवढी एक ओळ मागणं मुळीच जास्त नाही. ती तालमी सुरू होतानाच मागा. पत्रिका छापायला गेल्यावर मागितलीत तर भांडण वाटेल.

आणखी एक. जर्मन नृत्यरचनाकार पिना बाउश १९७३ पासून जर्मनीतल्या वुपरटालमध्ये काम करू लागल्या आणि पुढे नर्तकांना प्रश्न विचारून, त्यांच्या उत्तरांतून रचना बांधू लागल्या. ते बघून हल्ली अनेक जण तालमीत खासगी आयुष्याविषयी प्रश्न विचारतात. तुमच्याकडेही तसं होत असेल, तर तालमीत दिलेलं उत्तर प्रयोगात वापरण्याआधी पुन्हा विचारलं जावं, असा नियम गटात करून घ्या. तालमीत “हो” म्हटलेल्याला प्रयोगाच्या आठवडाभर आधीही “नको” म्हणता आलं पाहिजे. अशा वेळी तो तुकडा दुसऱ्या कुणाला न देता काढून टाकावा. जागा मोकळी राहिली तर नवी अट घेऊन ती भरता येते.