मोटार हवा ओढते आणि स्किमर हात ओढतो

प्रश्न : अलिबागजवळच्या आमच्या घरी 8 बाय 4 मीटरचा पूल आहे. मुलाने सक्शनवर चालणारा क्लीनर आणला, स्किमरलाच, म्हणजे भिंतीतल्या पाणी ओढून घेणाऱ्या तोंडालाच जोडायचा म्हणाला. पाच मिनिटं चालला, मग पंप घरघरायला लागला आणि जेटमधून नुसते बुडबुडे. माळीदादांनी स्किमरमधली प्लेट (क्लीनरचा होज, म्हणजे पाईप, जिला लागतो ती) काढायला हात घातला तर हातच खेचला गेला, आता ते पूलजवळ फिरकत नाहीत. चुकतंय कुठे?

उत्तर : माळीदादा शहाणे आहेत, त्यांच्यापासूनच सुरुवात करू. पंप चालू असताना स्किमरमध्ये हात घालायचाच नाही, प्लेट घट्ट बसली असेल तरी झटापट करायची नाही, आधी पंप बंद. आणि बंद म्हणजे टायमरवर भरवसा ठेवून नाही, सरळ एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा पंपाचा मुख्य खटका, खाली पाडायचा. लाईट गेली म्हणून निवांत हात घालाल आणि ती मधेच आली तर पंप आपोआप सुरू होतो, माझ्या डोळ्यांसमोर झालंय हे, नशीब तेव्हा स्किमरमध्ये फक्त बास्केट होती.

आता बुडबुडे. विहिरीवरच्या मोटारीला आपण आधी पाणी पाजतो ना, तसंच हे, तुमच्या मुलाने बहुतेक कोरा होज तसाच जोडला, त्यातली सगळी हवा पंपाने ओढली. पंप असा कोरडा फार वेळ फिरला तर आतलं सील जळतं आणि मग गळती सुरू.

म्हणून आधी पाण्याची पातळी बघा, स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत तरी हवी, एप्रिल-मेमध्ये ती बघता बघता उतरते. मग एमसीबी पाडून स्किमरची आणि पंपाची, दोन्ही बास्केट रिकाम्या करा. होजला क्लीनर जोडून पाण्यात सोडा, तो तळाला गेला की होज उभा धरून थोडा थोडा पाण्यात ढकलत राहा, आत पाणी भरत येईल. उरलीसुरली हवा काढायला पंप लावा आणि होजचं मोकळं तोंड पाणी सोडणाऱ्या जेटसमोर धरा, क्लीनरकडून बुडबुडे यायचे थांबले की भरला. परत एमसीबी खाली. मग ते तोंड पाण्याखालीच ठेवून स्किमरच्या तोंडातून आत घ्यायचं आणि प्लेटला लावायचं, इथे एकदा वर उचललंत की सगळी मेहनत पाण्यात.

प्लेट बास्केटच्या वर बसवा, बास्केट काढून नाही. आंब्या-जांभळाची पानं तिच्यातच अडकू देत, नाहीतर पाईपमध्ये जाऊन बसतील. होज सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापर्यंत पोचून वर एक तुकडा जास्त असावा, तुमच्या पूलला मीटरचे साधारण 10 तुकडे, अर्थात स्किमर कुठल्या बाजूला आहे त्यावर.

तळाच्या ड्रेनचा व्हॉल्व्ह वेगळा असेल तर थोडा उघडा ठेवा, म्हणजे होज तुंबला तरी पंपाला पाणी मिळत राहील. मात्र ड्रेन एकच असेल तर स्किमर पूर्ण बंद करून सगळा जोर तळावर, असं उलटंही करू नका. ड्रेनची जाळी तुटकी असेल तर ती बदलेपर्यंत कोणालाच पाण्यात उतरू देऊ नका. अमेरिकेत 2002 मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही 7 वर्षांची मुलगी स्पाच्या (गरम पाण्याच्या टबच्या) ड्रेनला खेचली जाऊन बुडाली, 2007 मध्ये ड्रेनच्या झाकणांचा कायदा झाला तो तिच्याच नावाने. आणि भिंतीत वेगळा व्हॅक्यूम पॉइंट, म्हणजे क्लीनर जोडायचं पाणी ओढणारं तोंड, असेल तर त्याचं स्प्रिंगवालं झाकण उगाच काढून ठेवू नका.

प्रश्न : क्लीनर चालू असताना मुलं पोहली तर चालेल? कायम आतच राहू दिला तर?

उत्तर : पोहणं नको, होज पायात अडकतो आणि मुलं त्याच्याशी खेळणारच. पाण्यात जास्तीचं क्लोरीन टाकायच्या दिवशी तर काढाच, रबर खराब होतं. काढल्यावर होज गुंडाळून ठेवू नका, सावलीत सरळ पसरा. गुंडाळला तर त्याला बाक येतो आणि मग क्लीनर एकाच कोपऱ्यात घाण्याच्या बैलासारखा गोल गोल फिरत राहतो.