घरच्या साबणात रंगाचे ठिपके आणि मधोमध गडद गोल का येतो?

तुम्ही कॉस्टिक सोडा आणि तेलं घेऊन कोल्ड प्रोसेसने, म्हणजे मिश्रण न शिजवता, साबण करता. त्यात निळ्या रंगाचे ठिपके राहतात, शिवाय वडी कापली की मध्ये गडद गोल आणि कडेला फिकट पट्टा दिसतो. रंग बदलूनही फरक पडला नाही, असं तुम्ही लिहिलंय. तो पडणारही नव्हता, कारण दोष रंगात नाही. ठिपके येतात रंग नीट न भिजल्यामुळे आणि गोल उमटतो उष्णतेमुळे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आधी ठिपके. अल्ट्रामरीन (निळं रंगद्रव्य) किंवा ऑक्साइड रंगाची कोरडी पूड थेट मिश्रणात टाकली की तिच्या बारीक गुठळ्या होतात आणि नंतर कितीही ब्लेंडर फिरवला तरी त्या पूर्ण फुटत नाहीत. म्हणून पूड आधी तेलात भिजवायची. साधारण 500 ग्रॅम तेलाच्या घाण्याला, म्हणजे एका वेळच्या साबणाला, एक छोटा चमचा मायका (अभ्रकाची चमकदार रंगपूड) पुरते. ऑक्साइड आणि अल्ट्रामरीन त्याहून कमी घेऊन सुरुवात करा. एक छोटा चमचा पुडीला एक मोठा चमचा पातळ तेल घ्या, आणि ते तेल कृतीतल्याच तेलातून काढा, म्हणजे हिशेब बिघडत नाही. मग माझी एक तपासणी असते. या पेस्टचा एक थेंब पांढऱ्या बशीवर टाकून चमच्याच्या पाठीने ओढते. ओघळात गडद कण किंवा रेघा दिसल्या तर पेस्ट पुन्हा घोटते. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण ते मी कधीच टाळत नाही. घोटल्यावर पेस्ट थोडा वेळ तशीच ठेवा, म्हणजे तिच्यातली हवा निघून जाते.

तेल आणि सोड्याचं मिश्रण दाटू लागतं त्या टप्प्याला ट्रेस म्हणतात. रंग पातळ ट्रेसला घाला, म्हणजे ब्लेंडर उचलल्यावर पडणारी धार पृष्ठभागावर क्षणभर दिसून मिटते तेव्हा. दाट ट्रेसला रंग सगळीकडे पोचत नाही. भांड्याच्या कडा आणि तळ स्पॅच्युलाने खरवडून घ्या. रंग न लागलेलं मिश्रण तिथेच लपतं.

आता तो गोल. साच्यात साबण होताना उष्णता निर्माण होते. मधला भाग तापून जेल अवस्थेत जातो, म्हणजे मऊ, जेलीसारखा होतो; तिथला रंग गडद आणि किंचित पारदर्शक होतो. कडा थंड राहिल्याने जेल होत नाहीत. त्यामुळे एकतर सगळा साबण जेल होऊ द्या, नाहीतर अजिबात होऊ देऊ नका. पहिल्यासाठी साचा झाकून जाड टॉवेलात गुंडाळा, दुसऱ्यासाठी भरल्याबरोबर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. तुम्हाला निळा गडद हवाय, म्हणून मी टॉवेलच सुचवेन. फिकट, दुधी छटांना फ्रीज बरा. टायटॅनियम डायऑक्साइड (पांढरा रंग) घालत असाल तर पाणी कमी ठेवा, एक भाग सोड्याला दोन भाग पाणी. पाणी आणि उष्णता दोन्ही जास्त झाली की काचेसारख्या रेषा उमटतात.

निळ्याबद्दल आणखी एक. ऑलिव्ह तेल पिवळसर असेल तर निळा हिरवट दिसतो. फिकट तेलं वाढवा, पण सोड्याचं प्रमाण नव्याने काढा. व्हॅनिलिन असलेला सुगंधही टाळा, त्याने साबण तपकिरी पडतो. खाण्याचे रंग वापरू नका, सोड्यापुढे बरेचसे टिकत नाहीत.

आधीच्या वड्या टाकू नका. निळे ठिपके आणि गडद गोल हे फक्त दिसण्यापुरते दोष आहेत. पण पांढरे ठिपके असतील तर हातमोजे घालून तपासा. मेण-चरबीसारखे मऊ असतील तर बहुधा तेलातला घट्ट भाग नीट वितळलेला नव्हता. खडे कडक असतील, कुस्करले जात असतील किंवा आत पाण्याचे कप्पे सापडले, तर तो न विरघळलेला किंवा न मिसळलेला सोडा असू शकतो. तो घाणा अंगाला लावू नका.