देवीचं वारं, नवरात्राचा उपवास आणि लिथियमची गोळी

"सिस्टर, पेशंटला वॉर्डात ठेवलं की देवाधर्माचं सगळं बंद करायला लावतात का? अंगात येतं म्हणून सांगितलं तर वेडीच ठरवतील ना?"

मानसोपचार विभागात माणूस दाखल करायला आलेल्या घरांकडून हा प्रश्न मला सारखा येतो. पुष्कळ जण तर विचारतही नाहीत, नुसत्या धास्तीने उपचार लांबवत राहतात. सोलापूरकडच्या एका घराचा अनुभव सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

दसरा नुकताच झाला होता. चाळिशीच्या बाईंना नवरा आणि सासू घेऊन आले. कपाळावर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, आवाज बसेपर्यंत बोलणं चालू. नवरा "टेन्शन घेतलंय तिनं" एवढंच सांगत होता. सासूबाई पदर तोंडाशी धरून गप्प. मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "मावशी, तुमच्या घरात वारं कुणाकुणाला येतं?"

त्यांनी आधी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या सासूला यायचं. आता हिला येतंय. आरतीला, न्हाईतर संबळ वाजला की. घटकाभर. पाणी पाजलं की उठून भाकरी थापाय बसती."

"आणि आत्ताचं हे?"

"आत्ताचं ते न्हवं. चार रात्री डोळ्याला डोळा न्हाई. उधारीवर साड्या आणल्या आन् गल्लीत वाटल्या. देवी आल्यावर असं कधी करत न्हाई ती."

आजार कुठे सुरू झाला याची खूण त्या माउलीला पक्की ठाऊक होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, इतकंच. मानसोपचारशास्त्रही याच अंगाने पाहतं. समाजाने मानलेल्या विधीत, ठरल्या वेळी, थोडा वेळ भान हरपणं हा आजार धरला जात नाही. झोप उडणं, खर्चाला धरबंध न राहणं, दिवसच्या दिवस उतू जाणारा उत्साह, हे वेगळं. या बाईंना बायपोलर आजार (मन कधी अति उत्साहाच्या, कधी अति उदासीच्या टोकाला जाणं) होता आणि त्यावरची लिथियमची गोळी आधीपासूनच दिलेली होती. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 3 मध्येही स्पष्ट आहे की कुणी अमुक धर्माचा वा संस्कृतीचा आहे एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरवता येत नाही. म्हणून वाऱ्याची गोष्ट लपवू नका. ती सांगितल्याने निदान चुकत नाही, उलट नेमकं होतं.

आता वॉर्डातले नियम. दोरा, साखळी, काच यांनी रुग्ण स्वतःला इजा करू शकतो, म्हणून ते काढून ठेवावं लागतं. यात तडजोड नाही. पण सवाष्ण बाईच्या बांगड्या कशा उतरवायच्या, हे ठरवणं आमच्या हातात असतं. सासूबाईंनीच साबणाचं पाणी लावून एकेक बांगडी सोडवली, एकही फुटू दिली नाही. मंगळसूत्र नवऱ्याकडे दिलं. माळ स्वच्छ रुमालात बांधून कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवली. संध्याकाळी आरतीच्या वेळी मी समोर असताना ती त्यांच्या हातात द्यायची आणि नंतर परत ठेवायची, असं ठरलं. हळदीकुंकवाला मनाई करण्याचं कारणच नव्हतं. त्या रात्री त्यांनी गोळी विनातक्रार घेतली.

खरी गोम पुढेच निघाली. घरी लिथियमच्या गोळ्या बंदच झाल्या होत्या. कधीपासून? घट बसले त्या दिवशी. "उपासाला गोळी चालत न्हाई" म्हणून. हे मी कितीतरी घरांत ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लिथियम अचानक बंद केलं तर आजार उसळतो. पण गोळी चालू ठेवून कडक उपवास केला तरी धोका असतोच. शरीरातलं मीठ आणि पाणी कमी झालं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि त्यासोबत लिथियमही अडतं. रक्तातलं लिथियमचं प्रमाण साधारण 0.6 ते 1.2 मिलिमोल प्रति लिटरच्या दरम्यान असावं लागतं. ते 1.5च्या वर गेलं की विषबाधेची भीती. म्हणजे अळणी किंवा निर्जळी उपवास या बाईंना झेपणारा नव्हता. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जायचं म्हटलं तर वाटेतला घाम, कमी पडलेलं पाणी आणि पाय दुखतात म्हणून घेतलेली आयब्युप्रोफेनसारखी गोळी, तिन्हींनी लिथियम चढतं. सुमारे 45 किलोमीटरची वाट आहे ती.

"उपवास करू नका" एवढं सांगून मी मोकळी झाले असते, तर पुढच्या वर्षी गोळ्या पुन्हा गुपचूप बंद झाल्या असत्या, याची मला खात्री आहे. म्हणून सासूबाईंनाच विचारलं, आजारी माणसाला तुमच्यात काय सवलत असते? त्या लगेच म्हणाल्या, "म्हातारं, बाळंतीण, दुखणेकरी, सगळ्यांना सूट असती की. तिचे नऊ दिवस मी धरीन."

पुढच्या नवरात्राआधी ते सगळे डॉक्टरांना भेटले, रक्त तपासून घेतलं. बाईंनी पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच उपवास धरला. भगरीत सैंधव घातलं (तेही मीठच), पाणी भरपूर प्यायल्या आणि गोळी वेळेवर घेतली. कोजागिरीला एसटीने जाऊन आल्या.

हीच चौकशी मी रोजे धरणाऱ्या रुग्णांकडे रमजानच्या आधी करते, कारण डोसाच्या वेळा डॉक्टरांनी अगोदर ठरवाव्या लागतात. माळकरी किंवा जैन घरांत कॅप्सूलचं आवरण प्राणिज जिलेटिनचं असल्याचं कळलं की औषध थांबतं. त्याऐवजी तेच औषध गोळीत मिळतं का, हे विचारता येतं.

तेव्हा दाखल होतानाच नर्सला सांगा: कोणते उपवास धरता, कशाचं व्रत आहे, अंगावरचं काय काढलं तर जीव कासावीस होईल. कुणी हसलं तर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांना भेटा. घरी विचारायला कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं. लिथियम चालू असताना हात फार थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल गेला किंवा जीभ जड झाली, तर मात्र फोनवर वेळ घालवू नका. पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठा आणि लिथियम चालू असल्याचं तिथे पहिल्यांदा सांगा.