डोपामाइन वाढवणाऱ्या गोळ्या मेंदूवर काम करतात, मग माझी बोटं का गार पडतात?

तुम्हाला 'मेंदूतच काम करतात' असं कोणी सांगितलं ते एकदा विचारायचंय, कारण आमच्या दादाचंही हेच पालुपद होतं. गोळी रक्तातून जाते, वाटेत सगळ्या शरीराला लागते. आणि डोपामाइनवर उगाच बिल फाडू नका. मेथिलफेनिडेट (एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या त्रासावरची गोळी) काय, ब्युप्रोपियॉन (डिप्रेशनवरची गोळी) काय, डोपामाइनसोबत नसांतल्या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचं, नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचंही परत शोषण अडवतात, मग ते रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या नसांच्या टोकाशी जास्त वेळ रेंगाळतं, वाहिनीला आवळायला लावणारं बटण, म्हणजे अल्फा रिसेप्टर, दाबून धरतं आणि वाहिनी आवळते. बोटांतल्या वाहिन्या मुळातच बारीक, तिथे लगेच कळतं. डोपामाइन स्वतः तर कमी मात्रेत किडनीच्या वाहिन्या सैल करतं.

मला एडीएचडीसाठी मेथिलफेनिडेट चालू आहे. डोस वाढवला आणि त्यानंतर गार पाण्यात हात घातला की मधलं बोट आणि करंगळीशेजारचं, दोन्ही खडूसारखी पांढरी, अगदी रेघ मारल्यासारखी पेरापर्यंतच, मग निळसर, आणि ऊब आली की लालबुंद होऊन असा ठणका की शर्टाचं बटण लावता येईना. दादाला फोटो पाठवला तर म्हणे लाईटचा इफेक्ट आहे, नेटवर वाचून आजार ओढवून घेतेस. मनाचे खेळ म्हणे! मन काय पेर मोजून पांढरं करतं का? याला रेनॉड म्हणतात आणि अमेरिकेत मेथिलफेनिडेटसारख्या एडीएचडीच्या उत्तेजक औषधांच्या लेबलवर 2013 पासून ही वॉर्निंग आहे. तेही दाखवलं, तर म्हणे कंपन्या केस टाळायला काहीही छापतात. डॉक्टरांनी मात्र फोटो बघितल्या बघितल्या डोस खाली आणला आणि त्रास बराच कमी झाला.

म्हणून सांगते, फोटो काढून ठेवा, डॉक्टरसमोर बोटं नेमकी गुलाबी असतात. बीपीही मोजत जा, मेथिलफेनिडेटसारख्या गोळ्यांनी तेही चढतं; सरासरी वाढ 2 ते 4 पॉइंटचीच असते पण काहींचं जास्त चढतं. घरच्यांना पटवत बसू नका, वेळ जातो.

आणि हो, नुसती गार बोटं म्हणजे रेनॉड नव्हे, गोळी न घेणाऱ्यांनाही रेनॉड असतो, त्यामुळे मनानेच गोळी बंद करू नका. बोटावर जखम झाली किंवा छातीत दुखलं तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.