इव्हॅपोरेटरवर नव्याने रुजू होणाऱ्यास

साखर कारखान्यात इव्हॅपोरेटरची, म्हणजे उसाचा रस आटवणाऱ्या संयंत्राची, जबाबदारी तुम्ही प्रथमच घेत आहात, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो: वाफ वाढवण्याआधी रसाची पातळी पाहा. सुमारे 15 ब्रिक्सचा (वजनाच्या शंभर भागांत 15 भाग विरघळलेले घन पदार्थ, मुख्यतः साखर, असलेला) स्वच्छ रस 60 ते 65 ब्रिक्सपर्यंत आटवताना पहिल्या बॉडीतील (रस आटवण्याच्या पात्रातील) रसाची वाफ दुसरीला, दुसरीची तिसरीला उष्णता देते, आणि निर्वातामुळे शेवटच्या बॉडीत रस 55 ते 60 अंश सेल्सिअसलाच उकळतो. पातळी बॉडीतील उभ्या नळ्यांच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर ठेवली, तर उकळता रस उसळून नळीचा वरचा भाग ओला ठेवतो. नळ्या पूर्ण बुडवल्या, तर उष्णता संक्रमण मंदावते. कॅलेंड्रियात, म्हणजे नळ्यांभोवतीच्या वाफेच्या कप्प्यात, साचणारे न संघनित होणारे वायू त्यांच्या व्हॉल्व्हमधून बाहेर जाऊ द्या. माझ्या अनुभवात क्षमता घटली की सर्वजण नळ्यांतील क्षाराला दोष देतात आणि हा व्हॉल्व्ह कोणी पाहतच नाही.

बॉयलरकडे जाणाऱ्या संघनित पाण्याची अल्फा नॅफ्थॉल चाचणी मात्र कधीही चुकवू नका. परीक्षानळीच्या कडेने तीव्र गंधकाम्ल सावकाश सोडल्यावर जांभळे कडे दिसले, तर पाण्यात साखर आहे. ते पाणी तत्काळ वेगळे वळवा, आणि त्यानंतरच कोणत्या बॉडीतून रस उडतो आहे ते शोधा.