वाचकांचे प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यात समुद्राची टाकी

प्रश्न : आम्ही नागपूरला प्रतापनगर भागात राहतो. गोड्या पाण्यातले मासे मी सहा वर्षांपासून पाळत आहे. आता दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढीच उंच अशी टाकी घेऊन तिच्यात समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवण्याचा विचार आहे. दुकानदाराने यादी दिली आहे : क्लाऊनफिशची जोडी, एक ब्लू टँग, तीन निळे डॅमसेल, एक मँडरिन, एक समुद्रफूल आणि प्रवाळांचे चार तुकडे, त्यांपैकी दोन कठीण प्रवाळांचे. हे सर्व एकत्र नांदेल काय? बैठकीच्या खोलीत कूलर आहे. एसी फक्त झोपण्याच्या खोलीत आहे.
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : या यादीतली क्लाऊनफिशची जोडी ठेवावी आणि बाकी बहुतेक नावांवर काट मारावी. मात्र तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटचे आहे, म्हणून आधी त्याच्याकडे वळतो.

प्रवाळांच्या टाकीतले पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे लागते. प्रवाळाच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रवाळाचे बरेचसे अन्न तेच तयार करते. पाणी बरेच दिवस तापलेले राहिले की प्रवाळ या शैवालाला बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि नंतर उपाशी मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातात जे घडले, तेच नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तुमच्या बैठकीत घडू शकते. बाहेर पारा ४५ अंशांकडे जात असताना ७० लीटर पाणी तापायला फार वेळ लागत नाही. दिवे आणि पंप आपली उष्णता त्यात घालतात ती वेगळीच.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा लहान पंखा. हा पंखा आणि आपला कूलर एकाच तत्त्वावर चालतात : पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जाते. त्यामुळे मे महिन्यातल्या कोरड्या हवेत पंखा पाणी तीन-चार अंशांनी उतरवू शकतो. पण मृगाच्या सरी पडून हवा दमट झाली की नागपुरातले कूलर जसे निरुपयोगी होतात, तसाच तोही होतो. जूनमधले पावसानंतरचे उकाड्याचे दिवस म्हणूनच मे महिन्यापेक्षा अधिक जपण्याचे असतात. बैठकीत कूलर चालू असेल तर तिथली हवा आधीच दमट असणार आणि पंख्याला फारसे काम उरणार नाही. पंपाचा आवाज घरच्यांना चालणार असेल, तर टाकी एसीच्या खोलीत ठेवावी आणि उन्हाळ्यात दिवसाही एसी २६-२७ अंशांवर चालू ठेवावा. ते शक्य नसेल तर चिलरचा, म्हणजे टाकीचे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, खर्च आधीच हिशेबात धरावा. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीतच सोडतो, त्यामुळे त्याच्यासाठीही खोलीला मोकळा वारा लागतो.

पंख्याने पाणी उडते, मीठ मागेच राहते. तुमच्या टाकीत खडक आणि वाळू घातल्यावर साधारण ७० लीटर पाणी मावेल. त्यातले रोज दोन लीटर उडाले आणि पाच दिवस कोणी लक्ष दिले नाही, तर ३५ वर असलेली क्षारता (हजार भाग पाण्यातले मिठाचे भाग) ४० च्या पुढे जाते. ही भर नेहमी गोड्या आरओ पाण्यानेच करावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. घरगुती आरओ यंत्रात चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळण्याची सोय असते. ती बंद ठेवून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) १० च्या आत येत नसेल तर पुढे उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडावी. बोअरचे पाणी वापरूच नये. मीठ मोजण्यासाठी तरंगणाऱ्या काट्यापेक्षा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून मीठ मोजणारे उपकरण) घ्यावा आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास ठेवावे.

आता मासे. ब्लू टँग दुकानात दोन इंचांचा दिसतो, पण पूर्ण वाढल्यावर २५ ते ३० सेंटिमीटरचा होतो आणि सतत पोहत राहतो. तुमच्या टाकीची लांबीच ६० सेंटिमीटर आहे. मँडरिन दिसायला जितका देखणा, तितकाच सांभाळायला कठीण, कारण तो दिवसभर खडकावरचे जिवंत सूक्ष्म कवचधारी जीव टिपत असतो; लहान नव्या टाकीतले असे जीव काही आठवड्यांत संपतात आणि पोट खपाटीला जाऊन मासा मरतो. निळे डॅमसेल काटक आणि स्वस्त असतात, म्हणून नवख्याच्या पिशवीत हमखास पडतात. ते मरत नाहीत, ही त्यांची खरी अडचण आहे. एकदा टाकीत हक्काचा कोपरा धरला की नंतर आलेल्या प्रत्येक माशाला ते छळतात आणि रचलेला खडक मोडल्याशिवाय हाती लागत नाहीत.

क्लाऊनफिशची जोडी घेताना एक लहान आणि एक जरा मोठा असे दोन पिल्लू-मासे निवडावेत. हे मासे जन्मतः नरच असतात. दोघांतला वरचढ मासा पुढे मादी होतो, त्यामुळे आकारातला फरक आधीच असला तर भांडण कमी होते. तिसरा क्लाऊनफिश मात्र आणू नये, कारण जोडी त्याला जगू देत नाही. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेली पिल्ले मागून घ्यावीत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले असून भारतात अशी पिल्ले मिळतात, आणि समुद्रातून पकडलेल्या माशांपेक्षा ती कोरडे खाद्य लवकर घेतात. यांच्या जोडीला तिसरा मासा म्हणून एक फायरफिश किंवा वाळूत राहणारा वॉचमन गोबी, दोहोंपैकी एकच पुरे. फायरफिश घाबरला की उडी मारतो, म्हणून झाकण हवेच. पण काचेचे झाकण उष्णता कोंडते, तेव्हा चौकटीवर ताणलेली बारीक जाळी वापरावी. गोबी वाळू उकरतो, म्हणून खडक वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर टेकवावा, नाहीतर एखाद्या रात्री तो ढासळतो. तीन मासे, पाच-सहा गोगलगायी आणि एक क्लीनर कोळंबी एवढ्यावर टाकी भरली असे मानावे. ही संख्या तुम्हाला कमी वाटेल, कारण गोड्या पाण्यात आपण याच्या चौपट मासे ठेवतो.

क्लाऊनफिशसाठी समुद्रफूल लागतेच, हा समज चुकीचा आहे. समुद्रफुलाला प्रखर प्रकाश आणि जुनी, स्थिरावलेली टाकी लागते. शिवाय ते जागा बदलते, वाटेतल्या प्रवाळांना डंख मारते आणि कधीकधी पंपात अडकून फाटते. मग सारी टाकी एका रात्रीत नासते. पहिल्या वर्षी ते नकोच. क्लाऊनफिश पुष्कळदा लेदर कोरल या मऊ प्रवाळालाच आपले घर मानतो.

प्रवाळांच्या बाबतीत कायदाही पाहावा लागतो, आणि दुकानात तो सहसा कोणी सांगत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व कठीण खडकबांधणी करणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि सर्व समुद्रपंखे घालण्यात आले. त्यामुळे आपल्या समुद्रातून काढलेला कठीण प्रवाळ विकणे आणि विकत घेणे हा गुन्हा आहे. परदेशातून येणाऱ्या कठीण प्रवाळांनाही साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारानुसार परवाने लागतात. ते दाखवता येत नसतील तर दुकानाबाहेर पडावे. समुद्रातून आणलेला जिवंत खडक हा मुळात प्रवाळाचाच सांगाडा असतो, तेव्हा कृत्रिम कोरडा खडक घेणे उत्तम.

सुदैवाने नवख्या माणसाला झेपणारे प्रवाळ मऊ गटातलेच आहेत. मशरूम कोरल खाली, मंद प्रकाशात आणि संथ प्रवाहात ठेवावे. झोअँथिड मधल्या उंचीवर. आणि टोडस्टूल लेदर वरच्या बाजूला, जिथे पाणी जरा खेळते असेल. लेदर कोरल शेजाऱ्यांना मारक रसायने पाण्यात सोडतो, म्हणून दोन प्रवाळांत किमान चार बोटांचे अंतर आणि फिल्टरमध्ये सक्रिय कार्बनची पिशवी ठेवावी. ग्रीन स्टार पॉलिप हिरवळीसारखा सुंदर पसरतो, पण थांबत नाही. त्याला वाळूने वेढलेला वेगळा दगड द्यावा.

तुम्ही उन्हाळ्याच्या तोंडाशी पत्र लिहिले, हे बरे झाले. आता टाकी मांडून त्यात फक्त खारे पाणी, खडक, पंप आणि दिवे सुरू करावेत. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतातच. पुढे नवतपा आणि जूनचा उकाडा ही रिकामी टाकी कशी काढते, ते रोज दुपारी तीनला तापमान लिहून पाहावे. आकडा २८ च्या वर जात राहिला तर चिलर घ्यावा किंवा बेत सोडावा. तोपर्यंत कोणताही जीव दगावलेला नसेल. पावसाळ्यात क्लाऊनफिश आणावेत, आणि दिवाळीनंतर, जेव्हा मुंबई-चेन्नईहून येणारी पाकिटे वाटेत तापत नाहीत, तेव्हा प्रवाळ.

प्रश्न : मित्राने मोडलेल्या टाकीतले झोअँथिड असलेले दगड मला दिले आहेत. उकळून स्वच्छ करून पुन्हा वापरले तर चालतील काय?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : मुळीच उकळू नयेत. काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. दगड उकळल्यास ते वाफेबरोबर श्वासात जाते, आणि अशा प्रकारे घरातली सगळी माणसे रुग्णालयात गेल्याच्या घटना घडल्या आहेत. ब्रशने कोरडे घासणे किंवा गरम पाणी ओतणेही तितकेच धोक्याचे आहे. प्रवाळ जिवंत असतील तर रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चश्मा घालून दगड तसेच खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवावेत. हातावर जखम असेल तर ते काम त्या दिवशी करूच नये. प्रवाळ नको असतील तर दगड मित्राला परत करावेत.